गोळीवरची रेघ

सलूनवाल्याने गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवतीचं पांढरं कापड सोडलं, झटकायला उचललं आणि तसंच हातात धरून उभा राहिला. कापडावर काळ्याभोर केसांचा पुंजका पडला होता. खुर्चीतल्या गृहस्थांच्या डोक्यावर या कानापासून त्या कानापर्यंत एक पांढरी झालर तेवढी शिल्लक होती, आणि ते महिन्यातून एकदा तिची मशागत करून घ्यायला येत.

"हे माझे नाहीत," गृहस्थ आरशात बघून म्हणाले. "माझे असते तर पुडीत बांधून घरी नेले असते."

सलूनवाला हसला. हसता हसता त्याने स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. बोटांत आणखी एक पुंजका आला. गृहस्थांनी तो पाहिला आणि ते घाईने खुर्चीतून उतरले.

गाळा एकच होता. मधे फळी ठोकून त्याचे दोन भाग केले होते. एका बाजूला त्याचं सलून आणि दुसऱ्या बाजूला बायकोचं शिवणकाम. नवं ती शिवत नसे. उसवलेलं, सैल झालेलं, लांब पडलेलं लोक घेऊन येत. दोघांचाही धंदा काय, तर लोकांचं जास्तीचं कापून देणं. त्यात दोघंही तरबेज होते आणि म्हणूनच की काय, एकमेकांचं बोलणंही अर्ध्यात कापत.

"अगं, जरा इकडे ये."

"शिलाई चालू आहे. तिथूनच सांगा."

"केस गळतायत."

"गिऱ्हाइकाला तेल सांगा."

"माझे."

फळीपलीकडचं मशीन थांबलं.

संध्याकाळपर्यंत त्याला ताप चढला. तोंडात आतून फोड आले होते, ते तो दोन दिवस लपवत होता. रात्र पडायच्या आत बायकोने त्याला हॉस्पिटलात नेलं. रक्त तपासलं. आतड्याच्या आजारासाठी त्याच्यावर आधीपासून उपचार करणाऱ्या मोठ्या डॉक्टर स्वतः आल्या. साठीकडे झुकलेल्या, चष्मा नेहमी केसांत खोवलेल्या बाई. कागद वाचताना त्यांनी चष्मा खाली ओढला आणि तिथेच ठेवला.

"पांढऱ्या पेशी संपत आल्यायत यांच्या. रक्ताच्या एवढ्याशा थेंबात त्या हजारांनी असतात, इथे शेकड्यांवर आल्या आहेत. आतड्याची सूज उतरायला आपण महिन्यापूर्वी नवी गोळी सुरू केली ना? दोन आठवड्यांनी रक्त तपासायला सांगितलं होतं."

सलूनवाल्याने छताकडे पाहिलं. "सुट्ट्यांचे दिवस होते. दुकानात गर्दी होती. म्हटलं, चार दिवसांनी जाऊ."

"गोळ्या कोण देतं?"

"मी," बायको म्हणाली.

"रोज एकच ना? चुकून दोन?"

"तुम्ही सांगितलं तशीच दिलीय."

डॉक्टरांनी गोळी बंद केली, सलाइन लावलं आणि त्याला बाजूच्या खोलीत एकटं ठेवलं. आत जाणाऱ्याने तोंडाला मास्क लावायचा, हात धुवायचे. फुलं नकोत, फळं नकोत, गर्दी नको.

गर्दी नको म्हटल्यावर सकाळीच त्याची बहीण आली. ती एकटीच चौघांसारखी होती. नोकरीतली सगळी वर्षं तिने एका कारखान्याचं गोदाम सांभाळलं होतं. आत आलेला आणि बाहेर गेलेला एकेक नट तिच्या नजरेखालून जायचा. निवृत्त झाली तेव्हा गोदाम सुटलं, नजर तशीच राहिली. कुणाच्याही घरात शिरली की चपला मोजूनच आत पाऊल टाकी. आई लवकर गेल्यामुळे या भावाला तिनेच मोठं केलं होतं. त्याच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, तरी तिच्या मनात तो अजून भावजयीकडे वापरायला दिलेला होता, आणि वस्तू धड परत येत नाही अशी तिची तक्रार होती.

"बाळ्या, काय रे दशा झाली ही." तिने मास्कच्या वरून त्याचं डोकं नीट न्याहाळलं. "महिन्यात माणसाचं हे होतं होय?"

"ताई, आता दुकानाबाहेर पाटी लावतो. मालकाने आधी स्वतःवर करून बघितलंय."

"तू हस. तुला कायम हसायचंच आहे." ती खोलीबाहेर आली आणि बाकावर बसलेल्या भावजयीसमोर उभी राहिली. बाकावर इतर पेशंटांचीही माणसं होती. त्यांच्यामुळे तिचा आवाज चढला नाही, पण उतरलाही नाही. "दोन गेल्यात त्याला. रोज दोन. तुझं लक्ष सगळं त्या मशीनवर. सकाळी दिली की नाही आठवत नाही, म्हणून दुसरी देतेस."

"नाही हो ताई."

"मग हे असंच झालं? डॉक्टर काय म्हणाल्या, ते बाळ्याने सांगितलंय मला. चुकून दोन? त्यांनी आपल्या मनाने विचारलं का ते?"

दुपारी तिने हेच पुन्हा सांगितलं. संध्याकाळी सिस्टरला सांगितलं, सफाईवालीलाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याचे कपडे, चष्मा आणि चार्जर आणायला ती घरी जाणार होती. निघताना म्हणाली, "गोळ्यांचं पाकीट घेऊनच येते. मोजून दाखवते सगळ्यांना. मालाचा हिशेब कधी खोटं बोलत नाही."

दोन तासांनी ती आली. कपडे आणले, चष्मा आणला, चार्जर आणला.

"पाकीट?" भावाने विचारलं.

"दिसलं नाही," ती म्हणाली आणि नळ गळतोय म्हणून सिस्टरला बोलावू लागली.

पाकीट पाण्याच्या भांड्यामागे, डोळ्यांसमोरच्या फळीवर होतं. बायकोला ते ठाऊक होतं. चपला मोजणाऱ्या माणसाला ते दिसलं नाही, यावर विश्वास ठेवण्याइतकी ती भोळी नव्हती. त्याहून विचित्र म्हणजे त्यानंतर नणंदेने गोळ्यांचा विषयच काढला नाही. नळ, पडदे, कॅन्टीनचा चहा, शेजारच्या खोलीतल्या माणसाचं घोरणं, सगळ्यांची खबर घेतली. भावजयीला एकदा चक्क "जेवलीस का?" असंही विचारलं. बायको सावध झाली. नणंद बोलते तोवर बरं असतं. गप्प बसली म्हणजे माल साठवतेय.

पुढच्या सकाळी सिस्टर तापाची गोळी घेऊन आली. पांढरी, चपटी, मधोमध रेघ असलेली. नवऱ्याने हात पुढे केला. बायकोने सवयीने ती मधेच घेतली.

"थांबा, मोडून देते."

"मोडायची कशाला?" सिस्टर म्हणाली.

"रेघ आहे की."

"रेघ बऱ्याच गोळ्यांवर असते हो. सांगितलं असेल तरच मोडायची. द्या, पूर्ण घेऊ दे त्यांना."

नवऱ्याने गोळी गिळली. बायको तळहात तसाच उघडा ठेवून उभी राहिली. मग तिने तो साडीला पुसला, जणू त्याला काही लागलं होतं.

आतड्याची आधीची, जुनी गोळी अशीच होती. तिलाही मधे रेघ होती. ती कमी करत आणायची होती, म्हणून त्या वेळी डॉक्टरच म्हणाल्या होत्या, रेघेवर मोडा आणि रोज एक तुकडा द्या. नंतर नवी गोळी आली. दुकानदाराने पाकीट हातात ठेवलं आणि सांगितलं, रोज सकाळी एक. तिने गोळी पाहिली. मधोमध रेघ. तिच्या टेबलावर खडूची रेघ मारलेलं कापड आलं की ते तिथेच कापायचं, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. एक म्हणजे एक तुकडा. महिनाभर तिने त्याला रोज सकाळी अर्धी गोळी दिली होती. उरलेली अर्धी पाकिटाच्या झाकणाखाली जपून ठेवून दुसऱ्या दिवशी दिली होती.

म्हणजे दोन नव्हे. एकही नव्हे.

तिने बाकावर बसून याचा दोन्ही बाजूंनी विचार केला. नणंदेचा आरोप खोटा होता, ही जमेची बाजू. पण तो खोटा ठरवायचा तर तोंड उघडून काय सांगायचं? डॉक्टरांनी सांगितलेली साधी गोळी मला धड देता आली नाही, असं? तेही चाललं असतं. ती काही इतकी मानी नव्हती. अडचण वेगळीच होती. गोळी जास्त झाली की पेशी कमी होतात, हे एव्हाना सफाईवालीलाही पाठ झालं होतं. आणि पेशी तर संपत आल्या होत्या. अशा वेळी हिने उठून म्हणायचं, मी अर्धीच देत होते. कोण ऐकेल? स्वतःला वाचवायला बाई काय थाप मारतेय, असंच म्हणतील. तिचं तिलाच ते थापेसारखं वाटत होतं. अर्ध्या गोळीने एवढं होतं कसं?

आणि पाकीट नणंदेने पाहिलं असणार. त्यात असायला हव्यात त्याहून खूप जास्त गोळ्या होत्या. दोनदोन दिल्याचा आरोप गेला, तरी त्याची जागा घ्यायला दुसरा तयार असणार: हिने माझ्या भावाला औषधच दिलं नाही. म्हणून ती गप्प आहे. योग्य वेळेची वाट बघतेय.

ती गप्प राहिली. गोळी तर बंदच होती. सांगून आता काय फरक पडणार होता?

हळूहळू ताप उतरला, पेशी वर येऊ लागल्या. सलूनवाल्याच्या डोक्यावर एकही केस उरला नव्हता आणि त्याने आरसा मागून घेऊन स्वतःच्या डोक्याच्या आकाराबद्दल समाधान व्यक्त केलं. त्या सकाळी मोठ्या डॉक्टर आल्या तेव्हा दोघी बायका खोलीतच होत्या, पलंगाच्या दोन बाजूंना.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "पण आतडं पुन्हा कुरकुर करायला लागलंय. औषधाशिवाय फार दिवस चालायचं नाही. पेशी पूर्ण भरल्या की तीच गोळी परत सुरू करू. या वेळी सांभाळून, निम्म्याने. रोज अर्धी."

नवऱ्याने मान हलवली. "निम्मी सोसेल मला."

डॉक्टर लिहू लागल्या. बायकोने पलंगाची दांडी धरली.

"अर्धी नको," ती म्हणाली.

"का?"

"अर्धीच देत होते मी."

डॉक्टरांचं पेन थांबलं नाही, फक्त हळू झालं. "म्हणजे?"

"गोळीवर रेघ होती. आधीच्या गोळीसारखी. मला वाटलं, हीपण मोडूनच द्यायची. रोज एक तुकडा दिला. पूर्ण गोळी यांच्या पोटात एकदाही गेली नाही."

"अगं, असू दे," नवरा घाईने म्हणाला. "तुला कोण काय म्हणतंय? झालं ते झालं. डॉक्टर, ही फार मनाला लावून घेते."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. नजर वाईट नव्हती. दमलेल्या माणसाला समजून घेणारी होती, आणि तेच तिला जास्त लागलं. "हे बघा, तुम्हाला कुणी दोष देत नाहीये. पण अर्ध्या गोळीने इतक्या पेशी सहसा जात नाहीत. नीट आठवा. सुरुवातीचे काही दिवस अर्धी दिली असेल, मग..."

"रोज अर्धी. देवाशपथ."

"कसं आहे, मला त्यावर पुढचा डोस ठरवायचाय. नक्की माहीत नसेल तर..."

"खरं बोलतेय ती."

हे पलंगाच्या पलीकडून आलं. नणंद खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिने मान वळवली नाही.

"महिन्याच्या गोळ्या आणल्या होत्या," ती म्हणाली. "निम्म्याहून जास्त उरल्यात. आणि झाकणाखाली एक अर्धी आहे. कडा सरळ आहे तिची. कात्रीने कापलीय."

"तुम्ही कधी बघितलंत?"

"कपडे आणायला गेले त्या दिवशी."

सलूनवाल्याने बहिणीकडे पाहिलं, मग बायकोकडे. मग त्याने चादरीची एक सुरकुती फार काळजीपूर्वक सरळ केली. एवढे दिवस दोघी एकाच बाकावर बसत होत्या. एकीला माहीत होतं, दुसरीलाही माहीत होतं, आणि दोघी एकमेकींना चहा विचारत होत्या.

डॉक्टरांनी लिहिलेल्या ओळीवर काट मारली, मग त्यावरच आणखी एक मारली.

"बरं झालं बोललात," त्या म्हणाल्या. कुणाला, ते कळलं नाही. "अर्धी लिहून देत होते मी. त्याच अर्धीने हे इथे आले होते. मग ही गोळीची गडबड नाही, यांच्या शरीराचीच आहे. एक तपासणी करू. रक्तच लागेल, पण पेशी मोजायला नाही. जनुक बघायला."

तपासणीचा कागद यायला दहा-बारा दिवस लागले. तोवर सलूनवाला घरी आला होता आणि टोपी घालून काउंटरवर नुसता बसत होता. गिऱ्हाइकांचा भरवसा उडू नये म्हणून टोपी, असं त्याचं म्हणणं. तिघं मिळून डॉक्टरांकडे गेले. नणंद येताना सगळ्यांच्या पुढे चालली, आत मात्र मागच्या खुर्चीवर बसली.

डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला. "एनयूडीटी-पंधरा. जनुकाचं नाव. आम्ही नड-पंधरा म्हणतो."

"नडणारच मग," सलूनवाला म्हणाला.

"याहून जास्त नडलं नाही, तेच आश्चर्य आहे." डॉक्टरांनी चष्मा खाली ओढला. "सोप्यात सांगते. नवी पेशी तयार होताना तिच्यातला मजकूर अक्षर अक्षर जुळवून उतरवला जातो. तुमच्या गोळीतून शरीरात खोटी अक्षरं तयार होतात. दिसायला खऱ्यासारखीच. सूज आणणाऱ्या पेशी ती उचलतात आणि तिथेच अडकतात. म्हणून औषध लागू पडतं. पण खोटी अक्षरं फार साठली तर चांगल्या पेशीही फसतात. ती साठू नयेत म्हणून शरीर एक एन्झाइम बनवतं. त्याचं काम एवढंच, असलं खोटं अक्षर दिसलं की मोडून टाकायचं. हे एन्झाइम कसं बनवायचं ते या जनुकात लिहिलेलं असतं. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. यांच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत."

"आमच्या आईवडिलांत काही खोट नव्हती," मागच्या खुर्चीवरून आवाज आला.

"दोघांकडे एकेक चांगली प्रत असणार. तेवढ्यावर भागून जातं. ही गोळी कधी घेतलीच नाही, तर दोन्ही बिघडलेल्या असल्या तरी काही कळत नाही. माणूस शंभर वर्षं जगतो." डॉक्टरांनी नवा कागद ओढला. "आता ही गोळी तुम्हाला कायमची बंद. अर्धीही नाही, पावही नाही. मी वेगळ्या जातीचं औषध देते. आणि हा कागद प्रत्येक डॉक्टरला दाखवायचा."

सलूनवाल्याने टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. "आणि महिनाभर पूर्ण गेली असती तर?"

डॉक्टर लिहीत राहिल्या. ओळ संपवली, खाली सही केली, सहीखाली तारीख टाकली.

"पुढच्या वेळी मात्र," त्या बायकोला म्हणाल्या, "विचारून मोडा."

"हो."

"आणि तुम्ही." त्यांनी खुर्च्यांवरून मागे पाहिलं. "सख्ख्या बहीण ना? चारांत एक वेळा तुमचंही यांच्यासारखंच असू शकतं. आज इथे आहात तर रक्त देऊन जा."

"मला काय झालंय?"

"काही नाही. पण हीच गोळी सांध्यांच्या दुखण्यात देतात, कातडीच्या आजारात देतात. कधी लागली, तर आधीच माहीत असलेलं बरं."

नणंदेने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि सलूनवाला आणि त्याची बायको दोघंही ते ऐकायला तयार होऊन बसली. पण ती उठली आणि पिशवी खांद्याला अडकवून बाहेर गेली.

रक्त घ्यायची खोली जिन्याखाली होती. नवरा औषधांच्या रांगेत थांबला, म्हणून बायको नणंदेबरोबर गेली. नणंदेने बाही वर केली. सुई टोचताना ती बाटल्यांच्या ट्रेकडे बघत राहिली. तिचे ओठ हलत होते. बहुधा बाटल्या मोजत होती. बायकोने कापसाचा बोळा धरला आणि तिचा हात कोपरात दुमडून दिला.

"घट्ट धरा ताई. नाहीतर निळं पडेल."

"कळतं मला," नणंद म्हणाली. पण तिने हात काढून घेतला नाही.

टेबलावरच्या मुलीने नाव लिहिलं, वय लिहिलं. वय सांगताना नणंदेने थोडी घासाघीस केली. मग मुलीने विचारलं, "रिपोर्ट आला की फोन कुणाच्या नंबरवर करायचा? तुमच्याच ना?"

नणंदेने बोळा काढून पाहिला. रक्त थांबलं होतं. तो तिने नीट घडी घालून डब्यात टाकला.

"माझ्या नको," ती म्हणाली आणि भावजयीकडे हनुवटीने खूण केली. "हिचा घ्या. मला कळलेलं मी वेळेवर सांगत नाही."